कोर्टाने पगाराची वही मागवलीय, न्यायची का?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात):

"आमचं सांगलीजवळ एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, आठ माणसं कामाला. धंदा सासऱ्यांच्या नावावर, हिशोब मी बघते. आमच्याकडचा एक वेल्डर २०२४ मध्ये एका रविवारी मोटारसायकलवरून गावी जाताना ट्रकच्या धडकेत गेला. वय ३७, मागे बायको, दोन मुलं आणि आई. बायकोने मोटार अपघात दावा प्राधिकरणात दावा लावलाय. आता आम्हाला समन्स आलंय की २०२१ पासूनचं हजेरी बुक, पगारपत्रक आणि 'वेतन अदा केल्याबाबतची इतर कागदपत्रे' घेऊन हजर व्हा. अडचण अशी की त्याला १२,००० बँकेतून आणि ८,००० रोख मिळायचे, रोखीच्या सह्या एका वेगळ्या वहीत आहेत. सासरे म्हणतात कोर्टाची पायरी चढायची नाही, कागद महापुरात गेले म्हणून कळवून टाक. मिस्टर म्हणतात १२,००० चं रजिस्टर तेवढं ने. सीए म्हणाले ती वही बाहेर काढू नका. त्याची बायको घरी येऊन गेली, वहिनी, २५,००० पगार होता असं लेटरहेडवर लिहून द्या म्हणते. इन्शुरन्स कंपनीचा माणूसही कागद बघायला येऊन गेला. आमच्यावर केस झालीय का? आणि मी नक्की कोणाचं ऐकू?"

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते सोपं आहे. यातल्या कोणाचंच पूर्ण ऐकू नका. चौघांनी चार सल्ले दिलेत आणि गंमत म्हणजे त्या समन्समध्ये काय लिहिलंय ते त्यातल्या एकाने तरी नीट वाचलंय का याची मला शंका आहे. तुम्ही मात्र वाचलंय, 'इतर कागदपत्रे' हे शब्द तुम्हीच अवतरणात टाकलेत, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते तुम्हाला कळलेलं आहे.

तुमच्यावर केस झालेली नाही. त्या दाव्यात अर्जदार आहे त्याची बायको, मुलं आणि आई, सामनेवाले आहेत ट्रकचा मालक आणि त्याची विमा कंपनी, काही वेळा ड्रायव्हर पण. भरपाईचा हुकूम झाला तर तो त्यांच्यावर होणार, आणि पॉलिसी चालू असेल तर शक्यतो पैसे विमा कंपनीच भरते. तुमच्या शेडच्या खिशातून एक रुपया जाणार नाहीये. तुम्ही त्यात पक्षकारच नाही, तुमच्याकडे कागद आहे म्हणून तुम्हाला बोलावलंय, एवढाच संबंध. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं सासरे म्हणतात ते ठीकच आहे, पण ती म्हण भांडायला जाणाऱ्यासाठी आहे, कोर्टाने बोलावलं की शहाण्याने गेलेलंच बरं.

आता हे 'प्राधिकरण' म्हणजे पूर्ण कोर्ट नाही, तेव्हा त्याचं समन्स काय एवढं मनावर घ्यायचं, असा एक समज सर्रास असतो. तो डोक्यातून काढा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ ने या प्राधिकरणाला साक्षीदार हजर करायला लावणं, शपथेवर साक्ष घेणं आणि कागद हजर करायला लावणं यासाठी दिवाणी कोर्टाचे सगळे अधिकार दिलेत. तिथे बसलेले सदस्य पण बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायाधीशच असतात, त्याच इमारतीत, त्याच खुर्चीत. समन्स मिळूनही नाही गेलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ खाली वॉरंट निघू शकतं, मालमत्ता जप्त होऊ शकते, ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्याच तारखेला कोणी जप्ती आणत नाही हो, साधारण आधी जामीनपात्र वॉरंट निघतं. पण ते घेऊन पोलीस शेडवर आला की शेजारच्या युनिटवाल्यांना काय सांगत बसणार, सासऱ्यांना नाव खराब व्हायची भीती आहे ना, मग नाव खराब व्हायचा खरा रस्ता हा आहे.

समन्स पुन्हा एकदा हातात घ्या आणि दोन गोष्टी बघा. पहिली, त्यावर दाव्याचा नंबर, तारीख, कोर्टाचा शिक्का आणि सही आहे का. तो नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की केस खरी आहे का आणि पुढची तारीख तीच आहे का ते कळतं. हे आवर्जून सांगते कारण हल्ली व्हॉट्सॲपवर कोर्टाच्या नावाने काहीही फिरतं. बेलीफने न आणता वेल्डरच्या बायकोच्या वकिलाच्या माणसाने आणून दिलं असेल तरी ते खोटं असं समजू नका, त्याला हमदस्त समन्स म्हणतात, कोर्टाच्या परवानगीने पक्षकार स्वतः बजावू शकतो. नुसतं वकिलाचं पत्र किंवा नोटीस आली असती तर गोष्ट वेगळी, ते समन्स नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, तुम्हाला नक्की कशासाठी बोलावलंय. छापील फॉर्मवर साधारण तीन पर्याय असतात, साक्ष देण्यासाठी, कागद हजर करण्यासाठी, किंवा दोन्हीसाठी, आणि नको ते खोडलेलं असतं, पुष्कळदा घाईत खोडायचं राहूनही जातं. फक्त कागदासाठी असेल तर संहितेच्या ऑर्डर १६ रूल ६ प्रमाणे तुम्ही स्वतः जायचीही सक्ती नाही, माणसाच्या हातून कागद पोचवले तरी समन्स पाळलं असं धरतात. आणि नुसते कागद आणून दिले म्हणून तुम्ही साक्षीदार होत नाही, तुमची उलटतपासणीही होऊ शकत नाही. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १३९ होतं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात ते १४४ झालं, गोष्ट तीच. म्हणजे 'कोर्टात गेलीस की वकील फाडून खातील' हे जे घरात चाललंय ते फक्त-कागद असलेल्या समन्सला लागूच नाही.

पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पगाराच्या बाबतीत बऱ्याचदा दोन्हीसाठी बोलावतात, कारण रजिस्टर नुसतं टेबलावर ठेवून भागत नाही, ते कोणी लिहिलं, सही कोणाची, हे कोणीतरी शपथेवर सांगावं लागतं. 'हजर व्हा' असं तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं तुमचं तेच आहे. समन्स सासऱ्यांच्या नावाने असेल आणि हिशोब तुम्ही लिहीत असाल तर तिच्या वकिलाला तसं कळवा, ते कोर्टाला सांगून तुमचं नाव घेतील. ज्याला वहीतलं माहीत आहे त्यानेच पिंजऱ्यात उभं राहिलेलं बरं, सासरे उभे राहिले आणि प्रत्येक प्रश्नाला 'ते सूनबाईंना माहीत' म्हणायला लागले तर काय उपयोग.

आता त्या वहीकडे येऊ, खरा पेच तिथे आहे.

मिस्टरांचा मुद्दा असा असणार की रजिस्टर मागितलंय, रजिस्टर दिलं, संपलं. समन्समध्ये फक्त 'पगारपत्रक' एवढाच शब्द असता तर त्यावर थोडा वाद तरी घालता आला असता. पण 'वेतन अदा केल्याबाबतची इतर कागदपत्रे' यात दर महिन्याला ८,००० मिळाल्याच्या त्याच्या सह्या असलेली वही बसत नसेल तर मग काय बसतं? ती वही त्या शब्दांत येते आणि तुम्हालाही ते माहीत आहे, नाहीतर तुम्ही मला लिहिलंच नसतं. शिवाय ती घरी ठेवून गेलात आणि पिंजऱ्यात कोणी विचारलं, बँकेतून द्यायचा त्याव्यतिरिक्त काही रोख देत होतात का, तर तुम्ही काय सांगणार? शपथेवर नाही म्हणालात तर ती खोटी साक्ष, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. होय म्हणालात तर पुढचा प्रश्न, मग ती नोंद का नाही आणली. दोन्हीकडून अडकलात.

महापुराचं कारण तर सासऱ्यांनी बोलूही नये. एक तर सांगलीत बसणाऱ्या माणसाला महापुराच्या तारखा सांगाव्या लागत नाहीत, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, आणि तुमच्याकडे मागितलेत २०२१ ते २०२४ चे कागद. २०२३ चं हजेरी बुक कृष्णेच्या कुठल्या पुरात गेलं ते एकदा सासऱ्यांनाच विचारा. हां, तुमच्या घरात जुलै २०२१ ला खरंच पाणी शिरलं असेल आणि त्याआधीच्या सहा महिन्यांचं भिजून गेलं असेल, तर तेवढंच, तसंच, लेखी सांगायचं, अमुक काळाचं नाही, बाकीचं हजर आहे. जे खरंच नाही ते आणा म्हणून कोर्ट तुम्हाला भाग पाडत नाही. असलेलं नाही म्हणणं हा वेगळा विषय आहे, आणि पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी कागद नष्ट करणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २४१, तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे वही 'सापडत नाही' व्हायच्या आधी ती तुमच्या ताब्यात, कुलपात ठेवा. घरातली माणसं प्रेमापोटी काहीही करतात.

सीएचं म्हणणं मी एकदम उडवून लावत नाही. ते टॅक्सच्या बाजूने बघतायत आणि त्यांची काळजी खोटी नाही, वही एकदा रेकॉर्डवर आली की ती कोर्टाच्या फाइलचा भाग होते आणि विमा कंपनीचा वकील त्यावरून विचारणारच की हा खर्च तुमच्या हिशोबात कुठे आहे. पण तुम्ही त्यांना प्रश्नच चुकीचा विचारलात. 'वही दाखवू का' असं विचारलं की कुठलाही सीए नको म्हणणार. त्यांना असं विचारा, हे ८,००० पक्क्या खात्यात कुठे बसलेत? मजुरी म्हणून, जॉबवर्क म्हणून, मालकाच्या उचलीतून? ते कुठेतरी बसलेले असतील तर भ्यायचं कारणच उरत नाही. रोख खर्चाला एका माणसाला एका दिवसात १०,००० ची मर्यादा असते ती तुम्ही ऐकली असेल आणि त्यानेच धास्तावला असाल, पण तुमचे ८,००० त्याच्या खालीच आहेत. पीएफ २० माणसांपासून लागू होतो, ईएसआय १० पासून, तुम्ही आठ जण आहात, म्हणजे तोही बागुलबुवा बाजूला. आणि ते कुठेच बसलेले नसतील, म्हणजे निव्वळ बाहेरचा पैसा असेल, तर हो, टॅक्सचा प्रश्न आहे, तो तारखेच्या आधी सीएबरोबर बसून सोडवायचा आहे, कोर्टापासून वही लपवून तो सुटत नाही, फक्त त्याच्यावर दुसरा मोठा प्रश्न चढतो.

यात एक बाजू घरात कोणाच्याच लक्षात आली नसेल. वेल्डर म्हणजे कुशल कामगार. महाराष्ट्रात कुशल कामगाराला किमान वेतन अधिक विशेष भत्ता असा जो दर दर सहा महिन्यांनी जाहीर होतो तो काढून बघा, आणि तुमचा १२,००० चा आकडा त्याच्या वर राहतो की खाली जातो ते तपासा. खाली जात असेल तर मिस्टर जे रजिस्टर 'सेफ' म्हणून नेऊ म्हणतायत त्यातच तुम्ही किमान वेतन देत नव्हतात असं दिसणार! आणि ज्या वहीला सगळे घाबरतायत तीच सांगते की तुम्ही त्याला २०,००० देत होतात.

आता त्याच्या बायकोचं. ती २५,००० लिहून द्या म्हणाली याचा तुम्हाला राग आलाय की वाईट वाटलंय ते पत्रावरून कळलं नाही, बहुतेक दोन्ही. तिला तसं लिहून देऊ नका, पण का नाही ते तिला नीट समजावून सांगा, नुसतं दार लावू नका. अशा दाव्यात भरपाईचं गणित कसं होतं ते बघा. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी ते बरंचसं ठरवून दिलंय. महिन्याची कमाई घ्यायची, चाळिशीच्या आतला, ठराविक पगारावरचा माणूस असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, मागे अवलंबून चार जण असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, बाराने गुणायचं आणि वयाप्रमाणे गुणक लावायचा, ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. १२,००० धरून हे २२ लाख ६८ हजार होतात. २०,००० धरून ३७ लाख ८० हजार. म्हणजे तुमच्या त्या एका वहीची किंमत त्या दोन पोरांसाठी १५ लाख १२ हजार रुपये आहे, बाकीची किरकोळ शीर्षकं आणि व्याज वेगळं. (हे ढोबळ गणित आहे, प्रत्यक्षात त्याची चूक किती वगैरे गोष्टी निघतात.)

आणि २५,००० चं पत्र दिलंत तर? विमा कंपनीचा वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारणार, बँकेत १२,००० दिसतात, बाकीचे १३,००० कुठे? तुम्ही वही काढणार, त्यात ८,०००. मग ५,००० कुठून आले, हे पत्र कधी टाइप केलं, कोणाच्या सांगण्यावरून? तुमची साक्ष तिथेच बसली, आणि एकदा साक्षीदार एका आकड्यावर खोटा पडला की खऱ्या वहीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मग प्राधिकरण सगळे कागद बाजूला ठेवतं आणि किमान वेतनाच्या आसपासचा काहीतरी काल्पनिक आकडा धरतं. नुकसान तिचंच. अपघातानंतर लेटरहेडवर टाइप केलेल्या दाखल्यापेक्षा तो जिवंत असताना दर महिन्याला त्याने स्वतः केलेल्या सह्या, कधी निळ्या पेनने कधी काळ्या, कधी दिवाळीच्या महिन्यात उचल कापून, अशी मळकी वही कोर्टात कितीतरी जास्त वजनदार असते. हे तिला आणि तिच्या वकिलाला सांगा.

मुळात तुम्ही 'कोणाचं ऐकू' असं विचारताय त्यामागे एक समजूत आहे, की वही नेली तर मी तिच्या बाजूची आणि नाही नेली तर विमा कंपनीच्या बाजूची. तसं नाहीये. समन्स कोर्टाचं आहे, तिने अर्ज केला म्हणून निघालं असलं तरी. तुमच्याकडे जे आहे ते, जसं आहे तसं, काही न वाढवता न कमी करता नेऊन ठेवायचं. त्यातून पगार १२,००० धरायचा की २०,००० हे ठरवणं तुमचं काम नाही, ते ओझं तुम्ही उगीच घेतलंय.

इन्शुरन्सचा माणूस जो येऊन गेला त्याला कागद दाखवायचं तुमच्यावर काही बंधन नव्हतं आणि आत्ताही नाही. तो कंपनीचा तपासनीस, कोर्टाचा नव्हे. चहा पाजा, आणि सांगा कागद प्राधिकरणात हजर करणार आहोत, तिथे बघा. कोऱ्या कागदावर किंवा त्याने लिहून आणलेल्या 'स्टेटमेंट'वर सही मात्र करू नका, ते पुढे तुमच्याच तोंडावर वाचून दाखवतात.

तारखेच्या आधीची तयारी सांगते. हजेरी बुक, पगारपत्रक, वही, बँकेचं स्टेटमेंट, जे जे आहे त्याची एक यादी करा, कुठल्या काळाचं, किती पानं. कोर्टाच्या भाषेत कागदयादी. मूळ वह्या आणि त्याच्या नोंदी असलेल्या पानांच्या झेरॉक्स, दोन्ही न्या. मूळ रजिस्टर कोर्टातच अडकून पडेल ही भीती बऱ्याच धंदेवाल्यांना असते, त्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर १३ रूल ५ आहे, चालू वापरातली हिशोबाची वही असेल तर नोंदीची प्रत तपासून, जुळवून, प्रमाणित करून मूळ वही परत देता येते. पण हे आपोआप होत नाही, तुम्ही उभं राहून मागावं लागतं, साहेब, वही रोजच्या कामाची आहे, प्रत ठेवून मूळ परत मिळावी. तोंडी नको वाटलं तर एक छोटा अर्ज लिहून ठेवा. त्या रजिस्टरमध्ये बाकीच्या सात जणांचे पगार पण आहेत आणि ते सगळ्यांसमोर येऊ नयेत असं वाटणं योग्यच आहे, पण म्हणून रजिस्टर घरी ठेवायचं नाही. कागदाबद्दल काही हरकत असेल तरी तो आधी कोर्टात आणायचा आणि मग हरकत सांगायची, तिच्यावर निर्णय कोर्ट देणार, साक्ष्य अधिनियमाचं कलम १६५ नेमकं हेच म्हणतं. झेरॉक्समध्ये त्याच्या ओळी सोडून बाकी झाकून द्यायची परवानगी मागा, शक्यतो मिळते.

पगारपत्रक तुम्ही एक्सेलमध्ये किंवा टॅलीत ठेवत असाल तर नुसती प्रिंट पुरत नाही, सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ज्याला ६५-बी म्हणायचे. ते किती सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्याच एका निवडणूक वादात स्पष्ट केलं, तिथेही व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं पण अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळत नव्हतं. कोर्ट म्हणालं, प्रमाणपत्र लागणारच, पण समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवून घेता येतं. नव्या नमुन्यात एक भाग तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, तेव्हा तिच्या वकिलाला आधीच विचारा, आदल्या रात्री नाही. हाताने लिहिलेल्या वहीला यातलं काहीच लागत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या आधी पोचा. बाहेर बोर्डावर दाव्याचा नंबर बघा, आत बेंच क्लार्कला समन्स दाखवून हजर आहे म्हणून सांगा, नाहीतर पुकारा होईल तेव्हा तुम्ही कॅन्टीनमध्ये असाल. समन्स काढताना साक्षीदाराचा भत्ता भरून घेतात, तो मागायला लाजू नका, रक्कम किरकोळ असते पण हक्काची आहे. कधीकधी दिवसभर बसून पुढची तारीख मिळते, हे गृहीत धरूनच जा, आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका, कारण त्या तारखेला नवीन समन्स येईलच असं नाही. दिलेल्या तारखेला खरंच जमणार नसेल, घरात आजारपण वगैरे, तर आधी किंवा त्या दिवशी कोणाच्या तरी हस्ते मुदतीचा अर्ज द्या, गप्प बसून राहू नका.

पिंजऱ्यात आधी तिचा वकील विचारेल, तो सरतपास, मग विमा कंपनीचा, तो उलटतपास. प्रश्नांची ठेवण ठरलेली असते, 'हे म्हणणे खरे आहे की', 'असे म्हणणे खोटे आहे की', आणि शेवटी एक हमखास, 'अर्जदारास मदत करण्यासाठी आपण ही वही नंतर तयार केली हे खरे आहे का?' हे ऐकून चिडू नका, तो अपमान नसतो, तो त्यांना विचारावाच लागतो. खोटं आहे म्हणायचं आणि थांबायचं. माहीत नसेल तर माहीत नाही, आठवत नसेल तर आठवत नाही. तो वेल्डर किती चांगला होता, मुलं किती लहान आहेत, हे न विचारता सांगू नका, तसं सांगणारा साक्षीदार बाजू घेणारा वाटतो. रोखीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच अडचणीत आणेल असं वाटलं तरी टाळता येत नाही, पण कोर्टाने द्यायला भाग पाडलेल्या उत्तरावरून तुमच्यावर फौजदारी खटला भरता येत नाही, खोट्या साक्षीचा अपवाद सोडून, एवढं संरक्षण कायद्यात आहे. टॅक्सची नोटीस वगैरे फौजदारी नसलेल्या गोष्टी त्यात येत नाहीत, म्हणून तर आधी सीएकडे जायचं म्हणाले. साक्ष टाइप झाली की वाचून मगच सही करा, आकडा चुकलेला असेल तर तिथल्या तिथे सांगा.

याच चक्रातून दुसऱ्या बाजूने जाणारे वाचक असतील, म्हणजे कागद मिळत नाहीत म्हणून हैराण झालेले, त्यांच्यासाठी थोडं. आधी कंपनीला किंवा हॉस्पिटलला लेखी मागणी करा आणि पोच ठेवा. नाही दिलं तर समन्सच्या अर्जात कागदाचं नाव, काळ आणि तो कशासाठी हवा हे नेमकं लिहा. 'सर्व संबंधित कागदपत्रे' असं लिहिलं की एकतर कोर्ट अर्ज नामंजूर करतं किंवा समोरचा आपल्या सोयीचं तेवढं आणतो. कागद सामनेवाल्याकडेच असेल, ट्रकमालकाकडे किंवा विमा कंपनीकडे, तर साक्षीदाराचं समन्स नको, त्याने कागद हजर करावा असा वेगळा अर्ज असतो. बँकेचं खातं हवं असेल तर मॅनेजरला लेजर घेऊन बोलवायची गरज नसते, १८९१ च्या बँकर्स बुक्स कायद्याप्रमाणे प्रमाणित उतारा चालतो आणि विशेष कारणाशिवाय बँकेला मूळ वही घेऊन बोलावताही येत नाही. औद्योगिक न्यायाधिकरण, ग्राहक आयोग, सरकारी नोकरांचं मॅट, सगळीकडे प्रत्येकाच्या कायद्यात साक्षीदार आणि कागदांपुरते दिवाणी कोर्टाचे अधिकार दिलेले आहेत, त्यामुळे वर लिहिलेलं थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडतं.

ताई, तुम्ही आता तीन कामं करा. समन्सवर 'साक्ष' हा शब्द खोडलाय की ठेवलाय ते बघा. सीएकडे त्या ८,००० ची नोंद कुठे आहे ते विचारायला या आठवड्यातच जा, मिस्टरांना घेऊन जा म्हणजे घरी परत सगळं समजावत बसायला नको. आणि वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कोर्टात दिली तर निशाणी क्रमांक (कोर्ट पुराव्याच्या कागदाला देतं तो नंबर) लिहून घ्या, म्हणजे पुढे परत मागायच्या अर्जात तो टाकता येईल. ८,००० हिशोबात कुठेच नाहीत असं सीए म्हणाले तर एकदा तुमच्या गावातल्या, या दाव्यात नसलेल्या वकिलाला तासभर भेटा आणि मगच तारखेला जा. फी घेतील, पण ती घेऊ द्या.